तीन मिनिटांचे गाणे आणि ओला कागद

जुनी पॉप गाणी ऐकून जलरंगात चित्रे करायला घेतली, तेव्हा एक गोष्ट मी सुरुवातीलाच ठरवली होती: गाण्याच्या शब्दांत जे दिसते ते काढायचे नाही. शब्दांत नदी आली म्हणून कागदावर नदी आणि शब्दांत एकाकी बाई आली म्हणून खिडकीशी बसलेली बाई, असे करत गेले की चित्र गाण्याच्या मागे मागे चालू लागते. गाणे ठाऊक नसलेल्याला ते काही सांगत नाही आणि ठाऊक असलेल्याला नवे काही देत नाही. मला गाण्याची बांधणी रंगवायची होती. कोणते वाद्य पुढे आहे, कोणते मागे सरकले आहे, आवाजांचे थर कसे रचले आहेत, मोकळी जागा कुठे सोडली आहे, ध्रुवपद येते तेव्हा काय वाढते आणि काय थांबते, हे सगळे पाणी, रंग आणि कागद यांच्याकडून वदवून घेता येईल का, हे मला पाहायचे होते.

मुख्यतः १९६० च्या दशकातील गाणी निवडण्यामागे एक ठोस कारण आहे. १९६० च्या दशकाच्या मध्याला बीटल्ससारख्या गटाचेही ध्वनिमुद्रण चार ट्रॅकच्या, म्हणजे चार स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या, टेपयंत्रावर होत असे. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे वाद्य किंवा आवाज भरायचा. एकदा एकत्र झालेले आवाज पुन्हा सुटे करण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे कोणता आवाज आधी बसवायचा, तो किती मोठा ठेवायचा, त्याच्या वर काय येणार आहे, याचा निर्णय वेळीच आणि कायमचा घ्यावा लागे. जलरंगाची शिस्त नेमकी हीच आहे. पारदर्शक रंगाचा थर वाळला की त्याच्यावर दुसरा देता येतो, पण गडद रंगावर फिकट रंग बसत नाही. पांढरे हवे असेल तर तेवढा कागद कोरा राखावा लागतो, आणि तो राखायचा हे पहिला ब्रश टेकवण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. तैलरंगात किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये याच गाण्यांवर काम करून पाहावे, असे मला कधी वाटले नाही.

संगीतावरून चित्र करण्याची वाट जुनीच आहे. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला संगीतकार शोनबर्गच्या रचना ऐकून आल्यावर चित्रकार कॅन्डिन्स्कीने जे चित्र केले, त्यात पियानोचा काळा आकार आणि त्याच्याभोवती उसळलेला पिवळा रंग, एवढ्यावर सारी मैफल उभी आहे. चित्रकार पॉल क्ले तर स्वतः व्हायोलिन वाजवणारा होता. मात्र या दोघांसमोरचे संगीत मैफलीतले होते. ते त्या संध्याकाळी वाजले आणि संपले. पॉप गाण्याचे तसे नाही. तिथे ध्वनिमुद्रण हीच मूळ कृती असते, आणि ती कितीही वेळा, अगदी एकेका सेकंदावर थांबूनही ऐकता येते. या सोयीचा मी पुरेपूर उपयोग करून घेते.

ऐकण्याचे काम रंगवण्यापेक्षा जास्त वेळ घेते. हेडफोन लावून एका वेळी एकच गोष्ट ऐकायची: आधी बास गिटार, मग तालवाद्ये, मग सुरावट धरून ठेवणारी वाद्ये, आणि गायकाचा आवाज सगळ्यांत शेवटी. आवाज आधी ऐकला की शब्द कानात घुसतात आणि बाकीचे ऐकू येईनासे होते. १९६० च्या दशकातल्या कित्येक स्टिरिओ मुद्रणांत गाणारा एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला ठेवलेली असतात. अशा वेळी हेडफोनची एक बाजू कानावरून काढली की वाद्यांची वीण उघडी पडते. ऐकता ऐकता मी कागदाच्या एका लांब पट्टीवर पेन्सिलीने गाण्याचा नकाशा काढते. दहा सेकंदांना एक सेंटिमीटर, म्हणजे तीन मिनिटांचे गाणे १८ सेंटिमीटरांत बसते. लांबवलेल्या स्वरांना आडवी रेघ, आघातांना ठिपके, विरामाला रिकामी जागा. पट्टीच्या खालच्या अंगाला रंगांचे नमुने लावते आणि ते पूर्ण वाळू देते, कारण जलरंग वाळल्यावर बराच फिका पडतो आणि ओल्या रंगावरून निर्णय घेतला तर सगळे चित्र अपेक्षेपेक्षा दुबळे निघते.

चित्राचा आकार काय असावा, यावर मी बराच विचार केला. रेकॉर्डच्या वेष्टनासारखा चौरस कागद घेण्याचा मोह सहज होतो. पण चौरसात नजर मध्यावर जाऊन थांबते आणि गाणे तर पुढे सरकणारे असते. म्हणून मी ११ बाय १५ इंचांचा, म्हणजे पूर्ण इम्पीरियल कागदाचा चौथा हिस्सा, आडवा धरते. काळ डावीकडून उजवीकडे वाहतो, खालचे स्वर खाली आणि वरचे वर, एवढेच दोन संकेत पाळते. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कापसाचा. पुनःपुन्हा भिजवणे आणि वाळवणे लाकडाच्या लगद्याच्या कागदाला सोसत नाही. त्याचा पृष्ठभाग लवकर उखडतो.

प्रत्यक्ष रंगवताना मात्र गाणे बंद असते. हा नियम अनेकांना उलटा वाटेल, पण गाणे चालू असले की हात ठेका धरतो, ब्रश तालावर पडू लागतो, आणि पाण्याची स्वतःची एक लय असते तिच्याकडे दुर्लक्ष होते. ओला कागद किती वेळ ओला राहील हे हवा, कागद आणि पाण्याचे प्रमाण ठरवते. गाण्याची लांबी नव्हे. गाणे तोवर डोक्यात पुरते मुरलेले असावे आणि नकाशाची पट्टी समोर चिकटवलेली असावी.

या पद्धतीने मी पहिले चित्र केले ते बीटल्सच्या १९६६ मधील ‘एलिनॉर रिग्बी’चे. या गाण्यात गटातल्या कोणीही वाद्य वाजवलेले नाही. चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो, एवढ्या आठ तंतुवाद्यांवर सारे गाणे उभे आहे. ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ नेले होते, त्यामुळे तंतुवाद्यांचा नेहमीचा मऊ, दुरून येणारा पसारा इथे नाही. गजाची घासणी ऐकू येते, आघात तुटक आणि कोरडे आहेत. ही कोरड पाण्याने आणायची कशी? त्यासाठी मी रफ, म्हणजे खडबडीत पोताचा कागद घेतला. एक इंची चपट्या ब्रशवर दाट रंग घेऊन त्यातले पाणी कापडाने टिपून घेतले आणि ब्रशचा दांडा जवळजवळ कागदाला समांतर धरून झटकन खाली ओढला. असे केले की रंग कागदाच्या उंचवट्यांवरच लागतो आणि खळगे पांढरे राहतात. रेघ भरून न निघता तंतुमय उमटते. तीच रेघ सावकाश ओढली तर रंगाला खळग्यांत उतरायला वेळ मिळतो आणि ती गुळगुळीत होते. त्या उभ्या रेघा पाहताना गजाच्या केसांची आठवण यावी, इतके साम्य त्यात आहे.

रंग दोनच. हे गाणे मुख्यतः ई मायनर आणि सी मेजर या दोन कॉर्डवर फिरत राहते, म्हणून अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) यांच्यापलीकडे जायचे नाही असे ठरवले. हे दोन रंग एकमेकांत मिसळले की एकमेकांचा भडकपणा मारतात आणि राखाडी होतात, पण तो राखाडी निर्जीव नसतो. अल्ट्रामरीनचे कण जड, ते पाण्यातून खाली बसून कागदाच्या खळग्यांत साचतात आणि बर्न्ट सायना त्यांच्याभोवती पसरतो. भिंगातून पाहिले तर एकाच डागात निळे आणि तांबूस दाणे वेगवेगळे दिसतात. ध्रुवपदात आवाज एकत्र येतात तिथे याच मिश्रणाचा पातळ, सलग थर दिला. गायकाच्या ओळीला मात्र रंगच दिला नाही. रेघांच्या गर्दीतून डावीकडून उजवीकडे जाणारी कोऱ्या कागदाची एक बारीक, वर-खाली होणारी वाट सोडली, आणि ज्यांनी हे चित्र पाहिले त्यांची नजर आधी त्या वाटेवरच गेली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला टेनसीसी या गटाचे १९७५ चे ‘आय अ‍ॅम नॉट इन लव्ह’ हे गाणे आहे, आणि थरांच्या कामाबद्दल मला जे काही कळले आहे त्यातले बरेचसे या गाण्याने शिकवले आहे. त्यात मागे सतत तरंगत राहणारा जो आवाजांचा धुरळा आहे तो कोणत्याही वाद्याचा नाही. गटातल्या तिघांनी एकेक स्वर १६-१६ वेळा गाऊन, म्हणजे दर स्वराला ४८ आवाज एकावर एक चढवून, त्या स्वरांचे टेप-लूप, म्हणजे टोके जोडून सतत वाजत राहणारे टेपचे वेढे, तयार केले. हे लूप अखंड फिरत ठेवायचे आणि मिक्सिंग डेस्कवरील फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळा) वर-खाली करून हवे ते स्वर उजेडात आणायचे, बाकीचे मागे ठेवायचे. एकेक आवाज वेगळा ओळखू येत नाही, पण त्यांतले निम्मे काढून टाकले असते तर तो धुरळा नक्कीच विरळ झाला असता.

जलरंगात याला एकच उत्तर आहे, ते म्हणजे ग्लेझ: अत्यंत पातळ, पारदर्शक थर, एक पूर्ण वाळल्यावर दुसरा. प्रत्येक थरात रंग इतका कमी की तो दिला आहे की नाही याचीच शंका यावी. यात थरांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. थॅलो ब्लूसारखा कागदाच्या तंतूंना पक्का धरणारा रंग तळाशी चालतो, कारण वरून पाणी फिरले तरी तो हलत नाही. कोबाल्ट ब्लू वरवर बसतो आणि ओल्या ब्रशने उचलला जातो, म्हणून तो वरच्या थरांत हवा. मधल्या थरांना क्विनाक्रिडोन रोझ हा गुलाबी, तोही नावापुरता. थर वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. हाताची पालथी बाजू कागदाला टेकवून पाहायची. कागद गार लागला तर आत अजून ओल आहे. ती ओल असताना पुढचा थर दिला की खालचा रंग सुटतो, दोन्ही थर एक होतात आणि खोली नाहीशी होते. हेअर ड्रायरने वाळवण्यात गैर काही नाही, पण मी या चित्रापुरता तो बाजूला ठेवला, कारण गरम हवेचा झोत अजून ओला असलेला रंग ढकलतो आणि मला हवी असलेली सलगता मोडतो.

या गाण्याचा ठोका हृदयाच्या ठोक्यासारखा मऊ आहे. तो ‘मूग’ बनावटीच्या सिंथेसायझरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यावर, केलेला आहे. त्यासाठी सगळ्यांत खालच्या थरातच, रंग ओला असताना, पिळून घेतलेल्या ब्रशने ठरावीक अंतरावर रंग टिपून फिकट गोल ठेवले. वरचे सगळे थर त्यांच्यावरून गेले, तरीही ते गोल बुजले नाहीत. आत कुठेतरी उजेड असावा तसे दिसत राहिले. गाण्याच्या मध्यावर सगळा पसारा ओसरतो आणि एक स्त्री कुजबुजत एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. त्या जागेसाठी मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखण्यासाठी लावायचा आणि नंतर सोलून काढायचा द्रव) वापरता आले असते, पण त्याची कड धारदार निघते आणि कुजबुजीला धार नसते. म्हणून प्रत्येक थर त्या जागेजवळ आला की त्याची कड स्वच्छ पाण्याने विरवत गेले. थर वाढले तशी ती जागा आपोआप उजळत गेली.

द रॉनेट्सच्या ‘बी माय बेबी’ने (१९६३) वेगळाच प्रश्न उभा केला. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत एकाच खोलीत कितीतरी वादक बसवून, एकच सुरावट अनेक गिटार आणि पियानोंवर एकदम वाजवून आणि ते सगळे प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून हा भरीव आवाज तयार केलेला आहे. इतकी दाटी जलरंगात आणायची म्हणजे चिखल होण्याची भीती. चिखल होतो तो जास्त थरांमुळे नव्हे, तर जास्त रंगद्रव्यांमुळे, असे माझे ठाम मत आहे. पाच-सहा रंगद्रव्ये एकत्र आली की प्रत्येक जण प्रकाशाचा आपापला वाटा शोषतो आणि शिल्लक काही राहत नाही. म्हणून क्विनाक्रिडोन रोझ, अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सायना, एवढ्यांतूनच गुलाबी, जांभळा, तपकिरी असा सगळा विस्तार काढला. ड्रमवादक हॅल ब्लेनच्या ड्रमने गाणे सुरू होते: तीन जड आघात आणि चौथा कडक. ते चार ठसे डाव्या कडेला मारले. ठशांची डावी बाजू कोरड्या कागदावर, म्हणून तिथे कड स्वच्छ राहिली. उजवी बाजू आधीच भिजवलेली, त्यामुळे रंग तिथून पसरत गेला आणि आघातामागचा प्रतिध्वनी पाण्यानेच काढून दिला. कागदाखालचा फळा किंचित उजवीकडे कलता ठेवला होता, तेवढे पुरले. मुख्य गायिकेचा आवाज शेवटी, सारे वाळल्यावर, घट्ट आणि धारदार कडेने.

ॲबाच्या १९७६ च्या ‘डान्सिंग क्वीन’बद्दल थोडेच सांगते. पियानोवरची एक घसरण होते आणि गाणे ध्रुवपदाच्या मधूनच सुरू होते, म्हणून चित्राचा सर्वांत उजळ भाग मी डाव्या कडेलाच ठेवला. या झगमगाटासाठी ऑपेरा पिंक हा प्रतिदीप्त गुलाबी हात पुढे करतो, पण त्याची चमक प्रकाशात लवकर विरते, आणि भिंतीवर लावायच्या चित्रात तो वापरणे मला पटत नाही. क्विनाक्रिडोन रोझच्या शेजारी मळकट हिरवा ठेवला की तोच गुलाबी पुरेसा पेटतो.

शब्दांतले दृश्य काढायचे नाही, हा नियम एका गाण्याने मात्र मोडायला लावला. द किंक्सच्या १९६७ च्या ‘वॉटर्लू सनसेट’मध्ये सुरुवातीला बास एकेक पायरी खाली उतरत येतो, आणि आकाशाचा रंग वरून खाली बदलत आणायचा झाला तर जलरंगात जे करावे लागते तेच ते उतरणे आहे: प्रत्येक आडव्या पट्ट्याला थोडे पाणी वाढवायचे, वरच्या पट्ट्याच्या खालच्या कडेला जमलेला रंगाचा थेंब पुढच्या पट्ट्यात ओढून घ्यायचा आणि मागे वळायचे नाही. तसे उतरत गेल्यावर कागदावर सूर्यास्त आपोआपच आला. तो पुसून टाकणे खोटेपणाचे ठरले असते. त्याच्याखाली मी गाण्यातल्या लंडनच्या थेम्स नदीच्या पाण्याची एक आडवी रेघ राहू दिली. त्यात पूल काढला नाही आणि गाण्यातले प्रेमी युगुलही काढले नाही.

सर्वांत अवघड गेले ते बीटल्सचेच ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ (१९६७). हे गाणे दोन वेगळ्या ध्वनिमुद्रणांचे जोडकाम आहे. एक हलके, मेलोट्रॉनच्या (टेपवर मुद्रित सूर वाजवणाऱ्या कीबोर्डच्या) बासरीसारख्या सुरांनी सुरू होणारे. दुसरे ट्रम्पेट आणि चेलोंनी भरलेले, जडसर. गटातल्या जॉन लेननला एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता, पण दोन्हींची स्वरांची पट्टी आणि गती निराळी होती. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि एमेरिक यांनी टेपचा वेग बदलून त्यांना जुळवून घेतले. गाणे सुरू होऊन सुमारे एक मिनिट झाल्यावर तो सांधा येतो. तिथे आवाजाचा रंग बदलतो, तरी गाणे तुटत नाही.

असा सांधा कागदावर आणण्यासाठी डावीकडे सेरुलियन ब्लूचा हलका थर दिला आणि थांबले. थांबायचे किती, हे सगळे त्यावर अवलंबून असते. कागद डोळ्यांच्या पातळीवर धरून उजेडाकडे पाहिले की पाण्याची चकाकी दिसते. ती चकाकी जाऊन पृष्ठभाग रेशमासारखा मंद झाला, पण अजून वाळला नाही, तो क्षण धरायचा. त्या वेळी उजवीकडून जास्त पाणी असलेला गडद इंडिगो आणला. ओले पाणी कमी ओल्या भागात घुसते आणि तिथला रंग पुढे ढकलते, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये दातेरी, नागमोडी कड तयार होते. एरवी जलरंगात ही कड दोष मानतात. इथे मला तीच हवी होती, कारण ती कोणत्याही एका थराची नसते. गटातल्याच जॉर्ज हॅरिसनने या गाण्यात वाजवलेल्या स्वरमंडळाची खाली सरकणारी सुरावट रिगर ब्रशच्या केसासारख्या बारीक रेघांनी, सांध्याच्या उजवीकडे, सारे वाळल्यावर घातली.

राहिला प्रश्न शेवटाचा. त्या काळातली बरीच पॉप गाणी संपत नाहीत, आवाज हळूहळू उतरवून ती विरवलेली असतात, आणि अशा गाण्यांच्या चित्रात उजव्या कडेला पोहोचण्यापूर्वीच रंग स्वच्छ पाण्यात संपवायचा असे मी करत आले आहे. ‘एलिनॉर रिग्बी’ ठाम थांबते, म्हणून तिथे शेवटची रेघ पूर्ण गडद आहे. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ मात्र विरते, नाहीसे होते आणि थोड्या वेळाने विस्कटलेल्या ढोलांसह पुन्हा उगवते, मग परत विरते. इंडिगो पाण्यात संपवून मी दोन बोटे रुंदीचा कागद कोरा सोडला आणि त्याच्या पलीकडे, अगदी कडेला लागून, त्याच रंगाचे काही सुटे शिंतोडे उडवले. ते शिंतोडे काढून टाकावेत, त्यांच्यामुळे चित्राचा तोल उजवीकडे जातो, असे एका चित्रकार मैत्रिणीने सुचवले. तोल जातो हे खरे आहे. गाण्याचाही तिथे जातो, म्हणून ते मी ठेवले आहेत. मागच्या बाजूला पेन्सिलीने गाण्याचे नाव, वर्ष आणि वापरलेल्या रंगद्रव्यांची यादी लिहिली आहे. पुढच्या बाजूला सही सोडून एकही अक्षर नाही.